ऊन राखेतलं बी

शालूबाईला ठाऊक होतं की राख ऊन होती. सगळं दुखणं तिथंच होतं. ठाऊक नसतं तर निदान सुखानं दोन घास तरी गेले असते.

पौषातली गोष्ट. परड्यातल्या मांडवावरच्या शेंगा वाळल्या, सोलून झाल्या, बी निवडून झालं आणि तेवढ्यात दिवस कलला. दिवे लागले की बियाला हात लावायचा नाही, ही त्या घराची रीत. सासूनं, म्हणजे झुंबरबाईनं, घाईघाईनं चुलीतली राख ओढली, चाळली आणि सूप सुनेपुढं सरकवलं. "भर लगोलग. दिव्याच्या आत भोपळ्याचं तोंड लिंपून झालं पायजे."

शालूनं राखेत बोटं घातली. चटका नाही बसला, पण ऊब लागली. शेकायला घ्यावी अशी ऊब, आणि तेवढ्यानंही बी मरतं. आणि ती गप्प बसली.

आता कुणी म्हणेल, तोंड काय शिवलं होतं का तिचं? अहो, शिवलंच होतं! झुंबरबाईपुढं तिच्या नवऱ्यानं उभ्या जन्मात कधी आवाज चढवला नाही. लेक भिमाजी रेल्वेच्या ग्यांगेत रूळ उचलायचा, तोसुद्धा घरी आला की मान खाली घालून जेवायचा. तिथं चार वर्षं झाली तरी कूस न उजवलेल्या सुनेनं "आत्याबाई, राख ऊन हाय" म्हणायचं? काहीतरीच. शालूनं वाळक्या भोपळ्यात एक थर राखेचा, एक थर बियाचा असं गळ्यापर्यंत भरलं, वर शेणानं लिंपलं, आणि झुंबरबाईनं तो भोपळा आढ्याला टांगून दिला.

हे बी साधंसुधं नव्हतं. कुसगावच्या वरच्या अंगाला घेवडे पुष्कळ, पण बुगडी ह्या एकाच परड्यात. हिरवी शेंग, काठाला तांबडी रेघ, आणि टोक असं वळलेलं की बाईच्या कानातली बुगडीच. भाद्रपदात कोवळ्या शेंगा मोडून, कारळ्याचं कूट लावून भाजी शिजायला लागली की रस्त्यानं जाणारा माणूस पाणी मागायच्या निमित्तानं ओसरीवर टेकायचा. वाळलेलं बी पांढरंशुभ्र, डोळ्याभोवती तांबडं कडं. ते विकायचं नाही, मापानं मोजून द्यायचं नाही. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत मूठभर घालायचं, बस्स. वर ठाकरवाडीत सारजाबाईच्या झोपडीमागंही बुगडीचा वेल होता, पण झुंबरबाईपाशी त्याचं नाव काढायची सोय नव्हती. "तिचं बी येगळं," एवढं म्हणून ती विषय मिटवायची.

चैत्र सरता सरता झुंबरबाईचा धाकटा भाऊ महिपती शिरगावहून आला. येताना खारकांची पुडी आणली होती, आणि जिभेवर साखर. दोन घोट चहा पोटात गेला तसा तो मुद्द्यावर आला.

"आक्का, चार वर्सं झाली. घराला दिवा नगं का? माजी अंबी पंदरा वर्सांची झाली. मामाची पोर, हक्काची. शालीला कोन हाकलतंय? ती बी ऱ्हाईल, ही बी ऱ्हाईल."

शालू दारामागं तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. दोन सवतींच्या घरात पहिलीचं काय होतं ते तिनं माहेरच्या शेजारी पाहिलेलं होतं. ती बाई शेवटी गोठ्यात जेवायची.

झुंबरबाईनं खारकांची पुडी बाजूला सारली. मग म्हणाली, "आखिती आठ दिसांवर आली. बुगडी लावायची हाय. ह्या खेपेला शाली लावंल."

"वांझ हातानं?" महिपती दचकलाच. "आक्का, बी वाया जाईल."

"माजं बी हाय त्ये. दगडावर टाकलं तरी उगवंल. आयीक माजं. शालीच्या हातानं उगवलं, तर पुन्ना ह्या घरात ही गोस्ट काढायची न्हाई. न्हाई उगवलं, तर जेठाच्या आत अंबीला घिऊन ये."

महिपतीनं मांडीवर थाप मारली. "कबूल! उगवलं का न्हाई त्ये बगूनच जातो मी."

म्हातारीनं हे आपल्या बाजूनं केलं की आपल्या जिवावर उठून, ते शालूला कळेना. तिला एवढंच आठवत होतं की राख ऊन होती.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई विहिरीवर गेली आणि महिपती गावात तंबाखूला गेला, तशी शालूनं पाटावर पाट ठेवून भोपळा उतरवला. लिंपण खरवडावं लागेल असं तिला वाटलं होतं, पण ते सहज निघून आलं. तिनं पाच दाणे काढले, तोंड होतं तसं लिंपून टाकलं, आणि दाणे ओल्या चिंधीत बांधून रांजणाखालच्या ओलीत ठेवले. वैशाखाच्या तोंडावरची ऊब; जिवंत बी असतं तर तिसऱ्या दिवशी मोड आलाच असता.

तिसऱ्या दिवशी चिंधी सोडली तर आंबूस वास आला. दाण्यांची सालं बोटाला चिकटून निघाली. आत गिळगिळीत. पाचही.

शालू रांजणाला टेकून खाली बसली. रडू येईना. तिला राग आला, आणि तोही स्वतःचाच. एक शब्द, फक्त एक शब्द बोलली असती तर काय मारली असती म्हातारीनं? मारली असती तर मारली असती! आता ह्या मेल्या बियानं तिचा संसार मोडणार होता, आणि गावभर बोभाटा होणार होता की शालीच्या हातातच जीव नाही. भिमाजीला सांगावं तर तो घाटात अडकलेला. लाइनीवर विजेच्या तारा टाकायचं काम जोरात होतं, आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटल्याशिवाय सुटी नव्हती. आणि आला असता तरी काय? "आई म्हनंल तसं," म्हणाला असता.

आखितीला चार दिवस राहिले होते. सकाळीच झुंबरबाईनं फडक्यात गूळ बांधला. चांगला शेर-दीड शेर असेल.

"शाले, वर वाडीत जा. सारजीला दे ह्यो. गवरीला तिनं तेरडा आनून दिलता, त्याचं ऱ्हायलंय."

शालू बघतच राहिली. गौरी होऊन आठ महिने झाले होते, आणि चार वर्षांत सासूनं तिला वाडीच्या वाटेला एकदाही लावलं नव्हतं.

"मी जातो की, आक्का," ओसरीवरून महिपती म्हणाला. "पाय मोकळं हुतील."

"तू बस गपचिप. चढ सोसायचा न्हाई तुला." मग सुनेकडं न बघता म्हातारी म्हणाली, "आन येताना घाई करू नगंस."

शालूला देवच पावला. करवंदीच्या जाळ्यांतून ती जवळजवळ पळतच वर गेली.

सारजाबाई झोपडीपुढं मोळी बांधत होती. सासूच्याच वयाची, वाळून काटकी झालेली बाई, पण नजर मोठी तिखट. तिनं फडकं सोडून गूळ बघितला आणि फसकन हसली.

"येवढा गूळ? तेरड्याचा?"

"आत्याबाईंनी दिलाय, मावशी."

"बरं, बरं. दिला आसंल." तिनं गूळ बाजूला ठेवला. "आन तुला काय पायजे?"

"मावशी, तुमच्याकडं बुगडीचं बी हाय का?"

"हाय की. तुमचं मेलं व्हय?"

बस्स, इतकंच निमित्त पुरलं. चार दिवसांचं कोंडलेलं रडू एकदम बाहेर आलं, आणि रडत रडत शालूनं सगळं सांगून टाकलं. राख, भोपळा, महिपती, अंबी. सारजाबाईनं मोळीचा दोर हातातून सोडला. मग आत जाऊन तिनं चुलीवरच्या आढ्याला लटकवलेलं एक पानांचं गठुडं खाली काढलं. धुरानं काळंकुट्ट झालेलं. आत बुगडी होती. तीच, तांबड्या कड्याची, नुसती जरा पिवळटलेली.

"घे. पर आयीक. ह्ये धुरातलं बी हाय, साल टनक झाल्याली असती. तुमचं राखंतलं बी पाचव्या दिशी वर येतं. ह्याला सात लागतील, आट बी लागतील."

"पाचव्या दिशी न्हाई आलं तर मामा म्हनंल—"

"म्हनू दे. बियाला काय तुमच्या पैजा कळत्यात व्हय?" सारजाबाईनं तिच्या पदराला गाठ मारून दिली. "रोज पानी घाल, आन उकरू देऊ नगंस कुनाला."

ओढ्याच्या डबक्यात शालूनं बी चोळून धुतलं, पुसलं, सावलीत वाळवलं. घरी आल्यावर दुपारी सगळे पडले असताना भोपळा रिकामा केला, नवं बी थंडगार राखेत घोळून आत भरलं आणि तोंड लिंपून टाकलं. ह्या खेपेला राख थंड आहे का ते तिनं चारदा बघितलं. मेलेलं बी चिपटंभर होतं. टाकायला हात होईना. ते एका जुन्या चोळीत बांधून तिनं गोठ्यात गवताखाली दडपलं.

आखितीचा दिवस उजाडला. परड्यात सात आळी करून ठेवली होती. शेजारची धोंडाबाई आली, आणखी दोघी-तिघी आल्या. महिपतीनं बाज उचलून आळ्यांपाशी आणून टाकली आणि पाय पसरून बसला. झुंबरबाईनं भोपळा आणला, लिंपण फोडलं, ओंजळभर बी सुपात ओतलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं एक दाणा उचलला, राख पुसली आणि नाकाशी धरला.

शालूची नजर त्या दाण्यावरच खिळली. धुतलं होतं, दोनदा धुतलं होतं, पण चार महिने धुरात राहिलेल्या बियाचा वास डबक्यातल्या पाण्यानं थोडाच जातोय?

झुंबरबाईनं दाणा पुन्हा हुंगला. मूठ मिटली. सुनेकडं बघितलं. शालूला वाटलं, आता ही सगळ्यांदेखत बोलणार, आणि झालं, संपलं.

"लाव," झुंबरबाई म्हणाली. "तीन-तीन दाने. डोळा खाली."

शालूनं लावलं. एक दाणा आळ्याबाहेर पडला, तो झुंबरबाईनंच उचलून दिला. एकवीस दाणे मातीआड झाले आणि वर पाणी पडलं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. विहिरीवरून घागर आणायची, आळ्यात पाणी घालायचं, कोंबड्या हाकलायच्या, आणि मातीकडं बघायचं नाही असं ठरवून मातीकडंच बघायचं. महिपती बाजेवरून हलायचा नाही. तंबाखू मळायचा, सावली सरकली की बाज सरकवायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बी बगतोय आक्काचं." चौथा दिवस गेला. पाचवा उजाडला. शालू पहाटेच परड्यात गेली. माती सपाट. एक भेगसुद्धा नाही.

त्या दिवशी तिच्या ताटात भाकरी तशीच राहिली. झुंबरबाईनं तिच्या ताटाकडं बघितलं आणि "खा," एवढंच म्हणाली.

सहाव्या दिवशी धोंडाबाई डोकावली. महिपती तेवढ्यासाठी टपलेलाच होता.

"आक्का, पाचवा दिस काल झाला. बुगडी पाचव्या दिशी उगवती, आपल्या आईम्होरं तूच सांगायचीस."

"आटव्या दिशी उगवती," झुंबरबाई म्हणाली.

घागर घेऊन आलेली शालू जागच्या जागी थांबली. गेली चार वर्षं दर आखितीनंतर पाचव्या दिवशी ही बाई आळीभर मिरवायची: बघा, आलं का पाचव्याला! आणि आज हे काय? धोंडाबाईनंही तोंड उघडलं, "अगं झुंबरे, पर तुजं तर—"

"काय?" झुंबरबाईनं तिच्याकडं असं बघितलं की धोंडाबाईला एकदम चुलीवरचं दूध आठवलं आणि ती निघून गेली.

सातव्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. शालू दुसऱ्या घागरीला गेली होती. परतली तर महिपती पहिल्या आळ्यापाशी उकिडवा बसलेला, आणि बोट मातीत. तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. झुंबरबाई घरातून लाटणं घेऊनच बाहेर आली.

"उकरलंस तर हात मोडीन, म्हैप्या! बाच्या घरी कंदी बी उकरलं व्हतंस का रं? आं? वयात आल्याल्या पोरीचा बाप तू, आन अक्कल कोंबडीची!"

"आक्का, कुजलंय त्ये. मी सांगतो, कुजलंय."

"उद्या कळंल."

"उद्या न्हाई आलं तर मी अंबीला आनाय निगनार."

"नीग," झुंबरबाई म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता. शालूनं ते ऐकलं, आणि तिला जास्तच भीती वाटली.

आठव्या दिवशी झुंजुमुंजू व्हायला शालू परड्यात गेली. आधी काही दिसेना. मग तिसऱ्या आळ्यात मातीचं ढेकूळ जरा कलंडलेलं दिसलं. ती गुडघ्यांवर बसली, श्वास रोखून वाकली. ढेकळाखाली पांढरट हिरवी मान, वाकलेली, डोकं अजून मातीतच. शेजारी दुसरी. चौथ्या आळ्यात दोन. पहिल्यात, जिथं महिपतीनं बोट खुपसलं होतं तिथंसुद्धा एक. ती आळ्याआळ्यातून गुडघ्यांवर सरकत गेली. उन्हं वर येईपर्यंत एकविसांतले एकोणीस वर आले होते.

शालू तिथंच मातीत बसून मोठमोठ्यानं रडली. लाज नाही वाटली तिला. महिपती बाजेवर उठून बसला, डोळे चोळले, आळ्यांकडं बघितलं आणि पुन्हा डोळे चोळले. मग पागोटं शोधू लागला.

"जेवल्याबिगर जायाचं न्हाई," झुंबरबाई दारातून म्हणाली. मग सुनेच्या जवळून जाताना हलक्या आवाजात पुटपुटली, "गोठ्यातलं चोळीतलं गठुडं आन. चार पान्यानं धू."

शालूचं रडू खाडकन थांबलं. ती तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"बगतीस काय? मेलं म्हनून काय झालं, शिजतंय की."

त्या दुपारी बुगडीच्या दाण्यांची उसळ झाली. लसणीची फोडणी, आमसूल, वर कारळ्याचं कूट. महिपतीनं आधी नाराजीनं घास घेतला, मग भाकरी मोडायचा वेग वाढला. दोनदा मागून घेतली. शेवटी बोट चाटत म्हणाला, "आक्का, दाना काय मऊ हाय गं! ह्यो आमच्याकडं न्हाई."

"तुमच्याकडं कुटनं? लय राखून ठेवल्याला हाय. खा."

तो गेला. उतारावरून त्याचं पागोटं दिसेनासं झालं, तेव्हा दोघी बायका चुलीपाशी जेवायला बसल्या.

"राख ऊन व्हती," झुंबरबाई एकदम म्हणाली.

शालूनं मान वर केली.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी भर म्हनलात, आत्याबाई."

झुंबरबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरून बसली. "मलाबी ठावं व्हतं. सूप सरकवताना बोटाला लागलं माज्या. म्हनलं, दिवं लागतील, रीत मोडंल. आन सुनंम्होरं कसं म्हनायचं, थांब, माजं चुकलं?" तिनं तुकडा ताटात टाकला. "म्हैपतीम्होरं बडबडून बसले, वाटलं त्याचं तोंड बंद हुईल. मंग ऊन राख आटवली. त्याच सांजंला भोपळा फोडला, चार दाने भिजवले. तुज्या आदी. त्ये कुजले. लय भ्याले बाई मी."

"मंग त्यो गूळ—"

"तेरड्याला कोन येवढा गूळ देतं? माज्या तोंडानं सारजीकडं बी मागनं व्हईना. तीस वर्सं तिला येगळं येगळं म्हनत आले." म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला. "तुला नीट सांगून धाडायला पायजे व्हतं. ह्ये आट दिस तुला जाळलं मी."

शालूला वाटलं, उठून हिच्या पायावर डोकं ठेवावं, आणि वाटलं, हिला चांगली खडसावावी. दोन्ही एकदमच वाटलं, म्हणून तिनं काहीच केलं नाही.

"आयीक," झुंबरबाई म्हणाली. "येत्या पौस म्हैन्यात राख मी चाळीन, बोट तू घालायचंस. ऊन आसली तर बोलायचं."

शालूनं मान हलवली.

"मान नगं हालवू. तोंडानं बोल."

"व्हय."

"'व्हय' तर समदेच म्हनत्यात. माजं चुकल्यालं बोलशील का? बोलून दाव बगू."

शालूनं चुलीकडं बघितलं, ताटाकडं बघितलं, आणि म्हणाली, "आत्याबाई, उसळीत मीठ कमी हाय."

झुंबरबाईच्या भुवया चढल्या. क्षणभर शालूला वाटलं, आता लाटणं येतंय. मग म्हातारीनं पातेल्यातला एक दाणा उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला.

"व्हय की," ती म्हणाली, आणि उठून मिठाचं मडकं घेऊन आली.